मोरीतल्या मुंग्या

॥ श्री ॥
आष्टा, ता. ६ फेब्रुवारी १९४९

चिरंजीव मानसिंग यास नाथाजीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझी आई मजजवळ सुखरूप असून सदरे उसवले असतील तर धाडून दे म्हणते. गुऱ्हाळ अजून दोन महिने चालेल.

नवा कायदा आला म्हणून दातांचे काम करणाऱ्या जुन्या लोकांसाठी तू विश्रामबागेत वर्ग काढलास, हे चांगले केलेस. पण तुझ्या आठ विद्यार्थ्यांत सातारचे लालासाहेब दातवाले आहेत हे वाचून माझ्या हातातला चहा सांडला. तुझी मामी गळा सुजून गेली एवढेच तुला ठाऊक. तू तेव्हा मुंबईला शिकत होतास. अकरा वर्षांमागे आम्ही तिच्या भावाच्या लग्नाला साताऱ्यास गेलो होतो. तिथे तिची दाढ ठणकली, म्हणून या माणसाकडे नेली. याने तिला एक शब्द विचारला नाही. चिमटा लावला आणि दाढ थाळीत टाकली. तिसऱ्या दिवशी गळा सुजला, नवव्या दिवशी ती गेली. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला की माझा संबंध दातापुरता, बाकीचे शरीर डॉक्टरांचे.

आता देवाने त्याला तुझ्या हाती दिला आहे. त्याला नापास कर. नुसता नापास नको, सर्वांसमोर उभा करून मामीचे नाव घे आणि मग नापास कर. त्याच्या दुकानाला लागलेले कुलूप मला या डोळ्यांनी पाहायचे आहे. माझी छाती धडधडते, केव्हा काय होईल सांगवत नाही, म्हणून घाई करतो.

चौथीपर्यंतच शिकलो, अक्षर सांभाळून घे. लोभ आहेच, काम केलेस तर दुणावेल.

तुझा मामा,
नाथाजी


विश्रामबाग, सांगली, ता. १४ फेब्रुवारी १९४९

तीर्थरूप नाथाजीमामांच्या चरणी मानसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागले नाही. मामींनी मला लहानपणी काकवीत बुडवून भाकरी चारली, ती चव अजून जिभेवर आहे. पण मामा, नापास करणे माझ्या हाती नाही. परीक्षेला बाहेरगावचे डॉक्टर येणार आहेत. खरा रोगी समोर बसवून, त्याच्या घरच्या माणसादेखत ते प्रत्येकाचे काम पाहतील.

वर्गात मी दात सोडून सगळे शिकवतो, अशी हे लोक थट्टा करतात. चिमटा त्यांना माझ्याहून चांगला चालवता येतो. मी सांगतो ते एवढेच, की दात एकटा चालत येत नाही, त्याच्याबरोबर माणूस येतो. त्याला तहान फार लागते का, जखम चिघळते का, जिना चढताना दम लागतो का, घरी गेल्यावर पेज करून द्यायला कोणी आहे का, हे आधी विचारा. मधुमेह असेल तर आधी साखर उतरवा, नाहीतर साधी दाढ जीव घेते. परवा एकजण म्हणाला की आम्ही दात काढायचे की सोयरीक जुळवायची. सगळे हसले. लालासाहेब हसले नाहीत, ते लिहून घेत होते.

एक राहिले. त्यांनी मामींना काही विचारले नाही, असे तुम्ही लिहिता. मग कोणाला विचारले? सविस्तर कळवा, वर्गाला सांगता येईल. छाती धडधडते म्हणता, तर तुमची लघवीही एकदा तपासून घ्या. आईस नमस्कार. रागावलात तरी पत्र पाठवा.

आपला,
मानसिंग


आष्टा, ता. २ मार्च १९४९

राजश्री बिराप्पा, मु. म्हसवड, यांस नाथाजीचा रामराम. वि. वि.

तुझी मेंढरे, लेकरे सुखी असोत. हे पत्र वाचून चुलीत घाल. कोणाला बोललास तर तुला सिद्धनाथाची आण आहे.

भाचा कच खातो, तेव्हा राहीबाईच्या मरणाचा सूड मीच घेणार. मी येथील डॉक्टराकडे गेलो. त्याने माझी लघवी औषध घालून काचेच्या नळीत उकळली, ती विटेसारखी लाल झाली. म्हणाला की साखर भरपूर आहे, माझी वरची दाढ किडली असली तरी सध्या कोणाला काढू देऊ नका. हे ऐकून मला भीती वाटली, मग आनंद झाला. मी मानसिंगला कळवले की मला रोगी म्हणून लालासाहेबापुढे बसव, म्हणजे मनातला राग जाईल. पोरगा भोळा, हो म्हणाला. साखरेचे मी त्याला सांगितलेले नाही.

लालासाहेब विचारील, मी सगळ्याला नाही म्हणेन. तो दाढ काढील. राहीबाईला नऊ दिवस लागले, मला दहा लागोत. मागे चिठ्ठी ठेवणार आहे. मग त्याचा परवान्याचा कागदही जाईल आणि तोंडही काळे होईल. बरोबर मानसिंगच्या आईला, मनुबाईला नेतो, ती पदर ओढून गप्प बसते. रात्रंदिवस धास्ती वाटते की डॉक्टर कुठे बोलला तर? तू तरी माया ठेवून गप्प राहा.

तुझा,
नाथाजी


म्हसवड, ता. ९ मार्च १९४९

नाथाजीस बिराप्पाचा रामराम. पत्र पावलं.

अरं गड्या, तुला अक्कल हाय का न्हाई? लांडगा मारायचा म्हणून कोन आपल्याच मेंढराला इख घालतंय व्हय? तू मेलास तर त्याचं एक दुकान मोडंल, पर मनुबाईचं काय? तिनं तुज्या घरात भाकऱ्या थापून हात भाजलं, त्याचं ह्ये बक्षीस? आन तुजं धाडस मला ठावं हाय. इंजेक्शन बघून पटकीच्या साथीत म्हसवडातनं आष्ट्यापत्तुर पळाला हुतास.

आण घातलीस म्हणून मी गप हाय. पर देवाला सांगायला आण आडवी येत न्हाई. काल सिद्धनाथाम्होरं नारळ फोडला, म्हटलं ह्या येड्याचा बेत हाणून पाड. जित्ता ऱ्हायलास तर दोन ओळी लिव.

बिराप्पा


आष्टा, ता. २३ मार्च १९४९

राजश्री बिराप्पा यांस रामराम. वि. वि.

जिवंत आहे. तुझा नारळ लागू पडला.

लालासाहेबाचे केस पिकले आहेत. बाहेरचे डॉक्टर शेजारी उभे होते. त्याने तहानेचे विचारले, जखमेचे विचारले, वजनाचे विचारले. मी प्रत्येक वेळी खणखणीत आवाजात नाही म्हणालो. थाळीत चिमटा तयार होता. मी तोंड उघडले आणि मनात राहीबाईला हात जोडले.

तेवढ्यात तो वळला. भिंतीशी बसलेल्या मनुबाईला म्हणाला की आक्का, घरात पाणी तुम्हीच भरता ना, मग हे कसे असतात ते तुम्ही सांगा. मी ओरडलो की बाईमाणसाला काय कळते. तो शांतपणे म्हणाला की तुमचे झाले, आता त्यांची पाळी. आणि बिराप्पा, मनुबाईने पदर मागे सारला. म्हणाली की दादा कळशीभर पाणी पितो, आणि तो मोरीत गेला की मागून मुंग्यांची रांग लागते; अशाच मुंग्या राही वैनीच्या वेळी लागत.

त्याने थाळी झाकली. लघवी उकळली, लाल झाली. तो पास झाला.

डॉक्टरांनी विचारले की रोगी सोडून त्या बाईंना का विचारलेत. लालासाहेब म्हणाला की अकरा वर्षांपूर्वी एकाने बायकोला आणले. मी तिला काही आजार आहे का असे नवऱ्याला विचारले. तो म्हणाला की ठणठणीत आहे, रोज पायलीभर दळते, लवकर आटपा, वरात खोळंबली आहे. मी तेवढ्यावर दाढ काढली. पुढे तो जाब विचारायला आला तेव्हा घाबरलो, आणि बोलू नये ते बोललो. तेव्हापासून घरातल्या बाईला विचारल्याशिवाय चिमटा उचलत नाही. माझ्याकडे न बघता त्याने हे सांगितले. मला ओळखले होते, तरी नाव घेतले नाही. घेतले असते तर त्याची गचांडी धरायला मी मोकळा झालो असतो. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

तो बोलला ते खरे आहे. राहीबाई खुर्चीतून माझ्या उपरण्याचे टोक ओढत होती. मी तिला म्हणालो की माणसांत गप बस.

येताना मोटारीत मनुबाईला विचारले की मुंग्यांचे तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली की मला विचारले कोणी? आणि आपणहून सांगितले असते तर तू ऐकले असतेस का? घरी येताच तिने गुळाच्या ढेपा कुलपात घातल्या. किल्ली तिच्या कनवटीला असते. दारात गुऱ्हाळ चालू आणि मी बिनगुळाच्या चहावर आहे.

साखर उतरली की दाढ लालासाहेबाकडूनच काढायची, असे मानसिंगने ठरवले आहे. मी जाईन. त्याच्यावरचा राग गेलेला नाही, अर्धा मात्र घरी परत आला आहे. तो कोठे ठेवावा कळत नाही.

मागे मानसिंगने विचारले होते की मामींना विचारले नाही, मग कोणाला विचारले. इतके दिवस उत्तर टाळले. आज कार्ड टाकले. त्यावर एवढेच लिहिले, की मला विचारले होते. वर्गात सांगशील तेव्हा माझे नाव घे.

तू मात्र हे वाचून माझे नाव टाकू नकोस.

तुझा,
नाथाजी