न वाजणारा कॅमेरा

मुरबाड, रविवार, संध्याकाळ

मैत्रिणीने दोन दिवसांसाठी दिलेला मिररलेस कॅमेरा आज म्हसा गावच्या जत्रेत नेला. असाच आपण घ्यावा का, हे ठरवायचंय. हातात छान बसतो, माझ्या जुन्यापेक्षा हलका. फोकस आपणहून डोळा शोधतो, बैलाचासुद्धा! त्याला कसं कळतं, कोण जाणे. आणि फोटो काढताना आवाज अजिबात नाही.

बैलबाजारात एक म्हातारेबाबा फोटोसाठी आपल्या बैलाशेजारी ताठ उभे राहिले. मी तीन फोटो काढले, तरी ते श्वास रोखून तसेच.

"बाई, काढला का? आवाज नाय आला."

"काढला, बाबा."

ते हसले, सैल झाले. तेवढ्यात बैल विकत घेणारा माणूस दावं सोडायला आला. बाबांनी बैलाच्या मानेला मिठी मारली आणि मी तोही फोटो काढला. त्यांना कळलंच नाही. आवाज येत असता तर मी काढला असता का?

मग राहवेना. जाऊन त्यांना स्क्रीनवर दाखवला. पापणीवरचं पाणीसुद्धा स्पष्ट दिसत होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हा पुसा, बाई. मला काय वाटणार नाय, असं घरी सांगून आलोय."

त्यांच्यासमोरच पुसला.

कॅमेरा घ्यायचा, हे ठरलंय. पण आजचा सगळ्यात चांगला फोटो उद्या मैत्रिणीला नुसता तोंडानेच सांगावा लागणार.