पिवळी पट्टी

प्रिय मौनीबाबा,

हे नाव तुला वर्गात कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण मी ते कधी सोडलं नाही, एवढं खरं. कॉलेजची दोन वर्षं तू माझ्या पुढच्या बाकावर बसलीस आणि दोन वर्षांत तुझा आवाज मी जेमतेम हजेरीपुरता ऐकला. मला ‘कुकर’ म्हणायचीस, तेही कुजबुजत. मी कुणाशी हुज्जत घालायला लागलो की मागे वळून नुसत्या बोटांनी गॅस बंद करायची खूण करायचीस. प्रयोगशाळेत सरांशी वाजलं आणि मी बॅग उचलून कायमचा निघालो, त्या दिवशी तू नेमकी तापाने घरी होतीस. असतीस तर कदाचित मी आज शेवटच्या वर्षाला असतो. पण खरं सांगू? इथे येऊन पहिल्यांदा कळलं, की माझ्या अंगातल्या घाईचा कुणाला तरी उपयोग होऊ शकतो.

इथे म्हणजे रुग्णवाहिकेवर काम करायला शिकवतात तिथे. सकाळी रबरी पुतळ्याची छाती दाबायची, दुपारी एकमेकांना स्ट्रेचरवर घालून अरुंद जिने उतरायचे. पहिल्याच आठवड्यात मी इतका जोर लावला की पुतळ्याच्या आतली स्प्रिंगच तुटली. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “आता पुतळ्याशीही भांडलास का रे?” आमच्या मॅडमनी निम्मं आयुष्य रुग्णवाहिकेत काढलंय. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते. मला म्हणतात, “धावतोस छान. आता न धावायला शीक.”

मागच्या रविवारचा सराव तू पाहिलासच, त्यातच होतीस. तरी माझ्या बाजूने सांगतो. बस उलटली आहे असं समजायचं, म्हणून पटांगणात खुर्च्या पालथ्या घातलेल्या, अंगावर लाल रंग आणि गळ्यात दुखापतीची चिठ्ठी घेऊन लोक जागोजागी पडलेले. जखमी व्हायला कुठल्याशा कॉलेजची मुलं येणार, एवढंच आम्हाला माहीत होतं. माझं काम एकच. प्रत्येकापाशी अर्धं मिनिट थांबायचं, श्वास, नाडी, शुद्ध बघायची, मनगटाला रंगीत पट्टी बांधायची आणि पुढे सरकायचं. लाल म्हणजे याला आधी न्या. पिवळी म्हणजे लागलंय, पण थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालता येतंय. काळी कुणालाच बांधावीशी वाटत नाही. आणि मॅडमनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलेलं, की जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे; जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी जा.

आणि तू ओरडलीस.

तू! जिचा हजेरीतला ‘यस सर’सुद्धा सरांना दोनदा विचारावा लागायचा! आवाज कुणाचा हे डोक्याला कळायच्या आधी पायांना कळलं. मी गळ्यातली चिठ्ठी वाचली नाही, नाडी बघितली नाही, गुडघे टेकून तुझा पाय फळीला बांधत बसलो. तू ओरडायचं थांबवून हळूच म्हणालीस, “अरे, खोटं आहे ते.” मी म्हटलं, “हलू नकोस.” आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी गाठीवर गाठ मारत होतो. पलीकडे, खुर्च्यांच्या आड, आमचे ड्रायव्हरमामा पोटातल्या रक्तस्रावाची चिठ्ठी घालून निमूट पडले होते. त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही. मॅडमनी शिट्टी वाजवली, तेव्हा मामा वारलेले. तेव्हापासून रोज चहाच्या वेळी कप पुढे करून सुस्कारा सोडतात, “मेलेल्या माणसाला कोण विचारतंय म्हणा!” सगळे खिदळतात, मीही. मग कप तसाच ठेवून उठतो. तिथे खराच कुणाचा मामा असता तर?

सराव संपल्यावर मॅडमनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. “कुठे चुकलास? मोठ्याने सांग.” मी म्हणालो, “त्या मुलीकडे धावलो, तिथे चुकलो.” तू समोरच्या पायरीवर बसून कापसाने पायावरचा रंग पुसत होतीस. तुझा हात थांबला. मग अर्धवट पुसलेला पाय चपलेत घालून तू निघून गेलीस, मागे न बघता. दोन वर्षं सतत मागे वळून बघणारी तू.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी तोच सराव पुन्हा आहे, माझी परीक्षा म्हणून. या वेळी चुकलो तर हेही अर्धवट सोडून घरी. मामा म्हणाले, मागचीच मुलं येणार आहेत. तुझ्या गळ्यात कुठली चिठ्ठी असेल ते मला माहीत नाही, आणि सांगूही नकोस. पण तू ओरडत असलीस आणि पलीकडे कुणी गप्प पडलेलं असलं, तर मी तुला पिवळी पट्टी बांधून पुढे जाईन. तोंडाकडे बघणार नाही. बघितलं तर पाय निघणार नाही. मॅडमसमोर मी चूक म्हणालो ती त्या पटांगणापुरती, पट्ट्यांच्या नियमातली. एरवी तुझ्याकडे धावण्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुझ्या मागच्या बाकावर दोन वर्षं मी बहुतेक तेवढंच ठरवत बसलो होतो. पिवळी म्हणजे टाकून गेले असं नसतं गं. लाल पट्टीवाले गाडीत चढले की आम्ही परत येतो, आणि आधी पिवळीकडेच येतो. मीही येईन, रंग पुसायला कापूस घेऊन. तुला ते नको असेल तर काही बोलू नकोस, नुसती उठून चालू लाग. चालता येणाऱ्याला आमच्याकडे कुणी अडवत नाही. मीही अडवणार नाही, कुकर असलो तरी. पण थांबणार असशील, तर पट्टी मनगटावर तशीच राहू दे.

तुझाच (लिहून टाकलं एकदाचं),
कुकर