लिंबोणीला टांगलेली डिस्क

पप्पा, तुमच्या साळुंक्यांविरुद्ध मला रीतसर तक्रार करायची आहे. काल सकाळी त्यांच्यातली एक, चांगली गुबगुबीत, अंगणातल्या लिंबोणीला टांगलेल्या डिस्कवर येऊन बसली, इकडेतिकडे पाहून सावकाश शिटली. ती डिस्क म्हणजे माझा सूड आहे. माणसाने इतकी वर्षं जपलेल्या सुडावर पाखराने असं करावं, हे मी शिकलेल्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

तुम्हाला या साळुंक्यांचं केवढं कौतुक. इथे इस्राएलात, रामल्यात त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा तुम्ही शेजारच्या मोरोक्कन म्हातारीलाही हाताला धरून दाखवायला आणलंत. मला म्हणालात, "आपल्या मुंबईच्या आहेत रे. चालतात कशा बघ, जसं काय घर बघायला आल्यात." एलियाहू हन्नाबीच्या नवसाचा मलिदा झाला की उरलेल्या गोड पोह्यांची पहिली मूठ त्यांना, मग आम्हाला. म्हणून तुम्ही गेल्यावर, शोकाचे सात दिवस उठले त्याच दुपारी, मी ती डिस्क तुमच्याच हातच्या लिंबोणीला बांधली. चकाकतं ते पाहून पाखरं पळतात म्हणे. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला सुचेनासं झालंय. मी आपल्या देवळात जाऊन तुमच्या नावाची कद्दिशची प्रार्थना म्हटली, एक अक्षर न गाळता, आणि घरी येऊन सुतळीची गाठ आणखी आवळली.

तुम्ही विचाराल, कसली डिस्क. तुम्ही तेव्हाही हेच विचारलं होतं.

माझी मुलगी आठवते ना, तुमची लाडकी. तेव्हा ती शाळेत होती, टीव्हीला मशीन जोडून गाड्या पळवायच्या खेळाचं वेड होतं. त्या डिस्का मुलांच्या हातात काय टिकणार. अडकल्या की ती माझ्याकडे यायची, मग तिच्या मैत्रिणीही आपापल्या आणू लागल्या. संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसायचो. डिस्क कोमट पाण्याखाली धरायची, साबणाचा एक थेंब लावायचा, ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून ओरखडा शोधायचा. मग पांढरी टूथपेस्ट, माझ्या जुन्या बनियनचा तुकडा, आणि घासायचं ते मधून कडेकडे, सरळ. गोल कधीच नाही. डिस्कवर सगळं गोल गोल लिहिलेलं असतं. आडवा ओरखडा मशीन ओलांडून जातं, पण त्याच गोलाईत ओरखडा पडला की बसलं तिथेच. एरवी माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देणारी ती पोर त्या टेबलावर मात्र मराठी बोलायची. "अब्बा, हळू घास. अजून दिसतंय बघ इथे." तुम्ही खुर्चीत बसून सगळं बघत असायचात आणि मध्येच टोमणा टाकायचात, "शास्त्रीबुवा, संस्कृतचे एवढे मार्क मिळवलेस ते कशासाठी, दात नसलेल्या वस्तूला पेस्ट लावायला?" 

मग तो शुक्रवार. तिच्या मैत्रिणीची डिस्क मी घासून, पुसून टेबलावर वाळत ठेवली होती. शब्बाथ लागायच्या आत ती मैत्रीण न्यायला येणार होती. मुलगी आंघोळीला गेलेली. तुम्ही नेहमीप्रमाणे शब्बाथच्या दिव्याचा ग्लास घासायला बसलात, शेगडीची राख आणि अर्धं लिंबू घेऊन. मी दारातून वळून पाहतो तर ग्लास तसाच बाजूला, आणि तुमच्या हातात ती डिस्क. राख लावून, लिंबू पिळून, गोल गोल, गोल गोल, गुणगुणत. मी ओरडेपर्यंत तिचं काम झालं होतं. न्यायशास्त्रात याला प्रध्वंसाभाव म्हणतात: वस्तू होती, आता नाही, पुन्हा होणार नाही.

आवाज ऐकून ती ओल्या केसांनी बाहेर आली. तेवढ्यात तुम्ही डिस्क टेबलावर ठेवून ग्लास हातात घेतला होतात. मी म्हणालो, "विचार तुझ्या आजोबाला, तुझ्या सबाला." तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि किती शांतपणे म्हणालात, "कसली डिस्क? मी हात पण लावला नाही." तुमच्या बोटांना राख होती, पण ती तर दर शुक्रवारी असते. ती मला हिब्रूत म्हणाली, सबा खोटं बोलत नाही. मराठीत म्हणाली असती तर कदाचित इतकं लागलं नसतं.

प्रत्यक्षासारखं प्रमाण नाही असं मी शिकलो होतो. आमच्या घरात ते हरलं. त्यानंतर डिस्का बाजारातल्या एका दुकानात जाऊ लागल्या, तिथे मशीन होतं. स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं झालं. डिस्क मीच बिघडवली असं समजून ती मला माफ करायला तयार होती, म्हाताऱ्यावर ढकलल्याचं मात्र तिने माफ केलं नाही. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून चहात खारी बुडवत होतात.

पुढे एका सकाळी तुम्ही मला दारातच विचारलंत, "आपण कोणाकडे आलात?" कुपत खोलीमच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, हे आजचं नाही, घरच्यांच्या ध्यानात यायच्या फार आधीपासून सुरू होतं. मला हिशेब कळला, पप्पा. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. मुलीलाही ते कळलं असेल. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. पण ज्याने अपराधच केला नाही त्याच्यावर सूड उगवणं फार अवघड, आणि मला तर सूड हवा होता. म्हणून मी ते कळणं बाजूला ठेवलं आणि जपून ठेवलेली तीच डिस्क टांगली. वर्षानुवर्षं मलिद्याचे पोहे झाकून ठेवले. तुमच्या साळुंक्या माझ्या नाकासमोर शेजारणीकडे जेवू लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांना डिस्कची भीतीही उरली नाही. वारा आला की तिच्यावर झोके घेतात.

आता हे लिहिण्याचं खरं कारण सांगतो. गेल्या शुक्रवारी मुलगी आली होती. आर्मी, नोकरी, लग्न, सगळं झालं तिचं, अश्केलोनला असते. मी दिव्याचा ग्लास घासत होतो. ती दारात उभी राहून हसायला लागली. "अब्बा, मा आता ओसे? टूथपेस्ट?" काय करतोयस, असं तिने हिब्रूत विचारलं. मी पाहिलं तर बनियनचा तुकडा हातात, ग्लासाला पांढरा लेप, आणि मी तळापासून काठाकडे घासतोय, सरळ, जपून. राखेचा डबा समोर तसाच. मी म्हणालो, "कसली टूथपेस्ट? मी हात पण लावला नाही."

ट्यूब माझ्या मांडीवर होती. तिचं हसू थांबलं. मग ती मराठीत म्हणाली, अगदी हळू, "नाही लावलास, अब्बा. दे, मी धुते." ती माझ्याशी मराठीत बोलली याचा मला आनंद व्हायला हवा होता.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुम्हाला ते मिळालं तरी आधी विचाराल, आपण कोण. डिस्क अजून उतरवलेली नाही. आता ती सुडासाठी नाही. रोज सकाळी चहा घेऊन अंगणात उभा राहतो आणि ती तिथे का टांगली आहे ते आठवतं का, हे बघतो. आजपर्यंत आठवलं. ट्यूब मी कधी उघडली, ते मात्र अजून आठवत नाही, आणि मला भीती वाटते आहे, पप्पा.