ब्रिस्बेनमध्ये असं काय ठेवलंय?

४ जून, मंगळवार
सकाळी उणे तीन. स्वयंपाकघराच्या खिडकीवर आतल्या बाजूने बर्फ.
गॉर्डनचा व्हिडिओ कॉल. हा माझा धाकटा भाऊ, बारा वर्षांपूर्वी न्यूझीलंड सोडून ब्रिस्बेनला गेला, तिथे वायरिंगचा धंदा काढला. अर्ध्या चड्डीत उभा, मागे आंब्याचं झाड. म्हणाला, "दादा, इथेही थंडी पडलीय रे. काल चक्क चादर घेतली."
मी म्हटलं, आमच्या इनव्हर्कार्गिलची थंडी प्रकृतीला उत्तम. माणूस टिकतो. मग खोकला आला. तो धुळीचा.
जेवताना किर्स्टीने विचारलं, "बाबा, काकाकडे इलेक्ट्रिशियनला दीडपट पगार मिळतो, खरं का?" पोरगी चोवीस वर्षांची. मासळीच्या कारखान्यात माझ्याच हाताखाली इलेक्ट्रिशियनचं काम शिकली. लक्षणं ठीक नाहीत.

७ जून
संकल्प : दोन्ही देशांचा निःपक्षपाती तक्ता करून किर्स्टीपुढे ठेवणे.
पगार : ऑस्ट्रेलिया. घरातली ऊब : आपण घरात कोट घालतो, म्हणजे ऊब आहेच. बरोबरी. साप : आपल्याकडे एकही नाही. याचे पाच गुण. विषारी कोळी : आणखी तीन. आपण जिंकलो.
ग्लेनिसने वाचलं. म्हणाली, "साप नाहीत म्हणून संसार केलास होय माझ्याशी इतकी वर्षं?"
बायकोला आकडेवारी कळत नाही.

१३ जून
हुकमी मुद्दा सापडला. आमच्या शेजारच्या ब्लफ बंदराची कालवं! जगात तोड नाही. गॉर्डनला फोन करून सांगितलं, यासाठी तरी जीव तुटत असेल तुझा.
म्हणाला, "छे रे, इथे विमानाने येतात. रविवारी खाल्ली."
कालवंसुद्धा तिकडे निघाली.

२ जुलै, ब्रिस्बेन
किर्स्टीला सत्य कळावं म्हणून स्वतः आलो. आठवडाभर. ग्लेनिस म्हणाली होती, "जा बाबा, एकदाचा बघून ये."
दिवसभर बागेत साप शोधला. गॉर्डन म्हणाला, "थंडीत फारसे बाहेर पडत नाहीत." इथले सापही त्याच्याच बाजूचे.

४ जुलै
गॉर्डन तीन वाजता काम आटोपतो. तीन! मग नदीत बोट काढतो. विचारलंन, "हेवा वाटतो का रे दादा?"
मी म्हटलं, हेवा कसला? मला बोट लागते.
त्यानंतर तीन तास बोटीत होतो. लागली नाही. बहुधा हवेमुळे.

६ जुलै
मोजे न घालता झोपलो. गुडघा दुखला नाही. गुडघ्याचीही फितुरी.

१६ जुलै
घरी. निर्णय पक्का : तिकडे जायचं. यात हेव्याचा संबंध नाही. धाकट्याच्या धंद्यावर वडीलधाऱ्याची नजर हवी, इतकंच. त्याला एक इलेक्ट्रिशियन हवाच आहे, तो स्वतः म्हणाला होता.
ग्लेनिसला भीत भीत सांगितलं. वाटलं, रडेल. म्हणाली, "चल की! माझी हाडं तरी शेकतील. पण फोन आज कर."
आज नाही. उतावळेपणा दिसतो. आठवडाभर थांबलो तर तोच विनवण्या करील.

२५ जुलै
विनवण्या आल्या नाहीत. मीच फोन केला. थट्टेथट्टेत विचारलं, मला ठेवशील का कामावर?
गॉर्डन म्हणाला, "अरे दादा… जागा एकच होती. किर्स्टीने परवा विचारलं, मी हो म्हटलं. तिने सांगितलं नाही तुला?"
"सांगितलं की," मी म्हटलं.
किर्स्टी कपडे वाळत घालत होती. तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तिची मान खाली. म्हणाली, "कसं सांगणार, बाबा? तू त्या देशाला इतक्या शिव्या घालतोस. वाटलं, तुझं मन मोडेल."
मी म्हटलं, माझं मन एवढं तकलादू नाही. मी तर तुला जाच म्हणणार होतो.
ती गळ्यात पडली. मी विचारलं होतं हे तिला गॉर्डनने सांगू नये, म्हणून पुन्हा फोन केला. म्हणाला, "नाही सांगत रे." फार मऊ आवाजात. त्यापेक्षा हसला असता तर बरं.

१० ऑगस्ट
विमानतळ. किर्स्टीने कालच माझी कामाची हत्यारं मागितली, सगळी पेटी दिली. म्हणाली, "जम बसला की तुला आणि आईला बोलावते." मी म्हटलं, घाई नाही, हा देशही कुणीतरी सांभाळायला हवा.
ग्लेनिस घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "त्याच दिवशी फोन केला असतास तर…"
शेजाऱ्याला सांगितलं, मीच पाठवलं पोरीला.

१२ ऑगस्ट, सोमवार
कारखान्यात मोटर बंद पडली. खाली वाकून "टेस्टर दे गं" म्हणत हात मागे केला.
बराच वेळ तसाच धरून होतो.