शुक्रवारी येऊ नकोस, मावशी

होर्सेन्स, रविवार दुपार

आदरणीय तोवेमावशी,

तुझ्या डॉर्थेचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं). गुडघा कसा आहे? स्केअनकडे जोराचा वारा सुटलाय असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा मनात आलं की तू नेमकी अशाच दिवशी कपडे वाळत घालायला अंगणात जाणार. जाऊ नकोस. माझी तब्येत ठीक आहे, खिडकीतलं जिरेनियमही ठीक आहे, आम्हा दोघांना ऊन कमी पडतं एवढंच.

तुझं पत्र परवा मिळालं. निळा कोट इस्त्री करून दारामागे अडकवून ठेवलास, शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघून दोनच्या आत इथे पोचणार, आणि माझ्या कंपनीतल्या पंचवीस वर्षांच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसणार, हे वाचून मला इतका आनंद झाला की मी लगेच बसून तुला येऊ नकोस असं लिहायला घेतलं. हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी खोटं बोलले होते (एकात रेल्वेचा संप होता, दुसऱ्यात मला कांजिण्या).

तुझ्या डोळ्यांसमोर तुझा समारंभ आहे, हे मला माहीत आहे. माझ्याही आहे. अकरा वर्षांची होते मी, तुझ्या शेजारी उभी होते. तुझ्या टेलिफोन बोर्डावर छोटा झेंडा, सत्तर माणसं, स्वतः म्हातारे ब्रुंडम भाषणाला उभे, आणि मग रिबिनीने बांधलेल्या गुंडाळ्या वाटल्या गेल्या. तुझ्यावर लिहिलेलं गाणं, आठ कडवी. तू एकदा चुकून पाळकाचा फोन दारूच्या गुत्त्याला जोडून दिलास तेही त्यात होतं. सत्तर माणसं तुझं आयुष्य तुझ्याच तोंडावर गात होती, आणि तू रडू येऊ नये म्हणून छताकडे बघत होतीस. मोठेपणी मीही ब्रुंडमच्या पत्रपेट्यांच्या कारखान्यात लागणार हे मी त्या दिवशी ठरवलं. पगार किती, काम काय, हे मला माहीतही नव्हतं. मला ते गाणं हवं होतं.

आता कंपनीत आम्ही अकराजण आहोत (तुझ्या वेळी नुसत्या रंगखात्यात अकरा होते). ब्रुंडमच्या नातवाने सगळं कोपनहेगनच्या एका मोठ्या कंपनीला विकलं, त्याला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांत आम्हाला पाच संचालक झाले. प्रत्येकाने आल्या आल्या भिंतीवर नवं बोधवाक्य लावलं आणि जाताना ते काढायचं राहून गेलं, त्यामुळे जेवणघरात आता पाच बोधवाक्यं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. दुसऱ्या संचालकाने कॉफीचं यंत्र हलवलं, कारण लोक तिथे उभे राहून बोलतात असं त्याच्या लक्षात आलं होतं. तिसऱ्याने सर्वांच्या टेबलांवरून नावं काढली. रोज सकाळी जिथे जागा दिसेल तिथे बसायचं, म्हणजे म्हणे विचार ताजे राहतात. आमच्याकडे अकरा माणसांना साठ टेबलं असल्यामुळे आम्ही एकमेकांपासून इतके लांब बसतो की ताजे विचार कोणाला सांगायचे तर ओरडावं लागतं. सगळ्यांत हाल झाले झेंड्याचे. वाढदिवस असेल त्याच्या टेबलावर झेंडा ठेवायचा, पण टेबलच कोणाचं नाही. सप्टेंबरात तो कोणीतरी स्वागतकक्षात ठेवला. तिथे आता कोणी बसत नाही. सहा आठवडे झाले, आम्ही एका रिकाम्या खुर्चीचा वाढदिवस साजरा करतोय.

बोलायला म्हणशील तर गोदामातला प्रीबेन आहे (तुला आठवेल, तू निवृत्त झालीस तेव्हा नुकताच लागला होता आणि तुझा केक त्याच्या हातून पडला होता). रोज सकाळी तो दारात भेटतो. "काय गं डॉर्थे, अजून आहेस?" असं विचारतो, मी म्हणते, "तूही आहेस की." एवढं झालं की आमचं दिवसभराचं बोलणं संपतं. हसू नकोस. रविवारी मला तेवढंही कोणी विचारत नाही.

मागल्या वर्षी मी तेहेतीस गाणी लिहिली. आश्चर्य वाटून घेऊ नकोस, कंपनीतली गाणी गेली वीस वर्षं मीच लिहिते. लग्नाची, पन्नाशीची, समारंभाची. पण मागल्या वर्षीची तेहेतीसच्या तेहेतीस निरोपाची होती. आठवड्याला दोन जायला लागल्यावर माणसाची प्रतिभा किती पुरणार? हिशेबखात्यातल्या कर्स्टिनची सायकल चोरीला गेली होती त्याचं कडवं मी पुढे उल्लाच्या निरोपाच्या गाण्यातही वापरलं. तिला सायकल चालवता येत नाही, पण तीही मन लावून गायली. शेवटी शेवटी लोकांना कागद बघावा लागत नव्हता.

आणि मग हेनिंगचं झालं. हेनिंग आमचा चौथा संचालक, चौघांतला बरा. नावं विचारून लक्षात ठेवायचा. जाणाऱ्यांची यादी दर महिन्याला कोपनहेगनहून माझ्याकडे येते, कारण गाणं आणि केक माझ्याकडे. आधी त्या माणसाला कळवायचं, मग मला यादी पाठवायची, असा क्रम आहे. एप्रिलमध्ये यादीत हेनिंगचं नाव होतं. मला वाईट वाटलं, म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त कष्ट घेतले. नवी चाल निवडली, त्याच्या होडीवर दोन कडवी लिहिली, बदामाचा केक सांगितला. शुक्रवारी सकाळी सगळे जेवणघरात जमले, हेनिंगही आला, मी त्याच्या हातात गुंडाळी दिली आणि गाणं सुरू झालं. तुला आपली माणसं माहीत आहेत, हातात गाण्याचा कागद दिला की कोणासाठी, कशासाठी, हे आपण विचारत नाही, गायला लागतो. हेनिंगही लागला. आवाज चांगला होता त्याचा. पहिलं कडवं वसंतावर होतं, दुसरं पत्रपेट्यांवर, आणि तिसऱ्यात त्याचं नाव आलं, आता त्याला होडीसाठी भरपूर वेळ मिळणार असं.

त्याला कोणी कळवलंच नव्हतं, मावशी.

त्याचा आवाज एका ओळीपुरता थांबला. कागदावरून नजर उचलून त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. मला वाटलं, आता सगळे गप्प होतील, कोणीतरी खुर्ची ओढेल. पण सुरू केलेलं गाणं आपल्यात मध्येच थांबवत नाहीत. चौथ्या कडव्याला तो पुन्हा गायला लागला आणि आठही कडवी त्याने आमच्याबरोबर पूर्ण केली. नंतर रीतीप्रमाणे तीनदा हुर्रे झालं, त्यातही त्याने आवाज मिसळला. मग कागद नीट गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "सातवं कडवं चांगलं जमलंय, डॉर्थे. होडीचं नाव मात्र चुकलंय."

तेव्हापासून मी एकही गाणं लिहिलेलं नाही.

हेनिंग गेला तो सूचनापेटीची किल्ली खिशात घेऊन गेला. ही पेटी म्हणजे आपलीच सर्वांत भक्कम पत्रपेटी, तिसऱ्या संचालकाने जिन्याजवळ लावलेली, वर "मन मोकळं करा" अशी पट्टी. महिनोन्‌महिने लोक तिच्यात मन मोकळं करत होते आणि ती उघडत नव्हती. सध्याचा संचालक यान्निक (पाचवा, वय तीस, फक्त मंगळवारी येतो, स्वभावाने वाईट नाही, पण आपण नक्की काय विकतो हे त्याला जूनमध्ये कळलं) एकदा मीटिंगमध्ये म्हणाला, "मला खरं सांगा, इथे सगळे इतके गप्प का असतात?" प्रीबेन म्हणाला, "बोलणारे गेले." तेव्हा यान्निकला पेटीची आठवण झाली. ती फोडायला प्रीबेनला चाळीस मिनिटं आणि लोखंड कापायच्या दोन चकत्या लागल्या. घामाघूम झाला होता, पण इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नाही. "वाईट माल नाही," असं पेटीवरून हात फिरवत म्हणाला. त्याच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती नाही.

आतून एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या आणि यान्निकने त्या सर्वांसमोर मोठ्याने वाचल्या. तेरा कॉफीच्या यंत्राबद्दल. चार म्हणजे च्युइंगमचे कागद. एकात प्रीबेनने शीळ घालणं बंद करावं अशी मागणी होती (प्रीबेनने ती मागून घेतली आणि घडी करून ठेवली). शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, फक्त तीन शब्द होते. यान्निकने वाचलं, "माझं कोण लिहिणार?" मग आमच्याकडे बघून विचारलं, "कोण काय लिहिणार? अहवाल?" प्रीबेनने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "जुनी असेल. पेटी बनवतानाच आत राहिली असेल." यान्निकने ती च्युइंगमच्या कागदांबरोबर टाकून दिली.

तेव्हा मावशी, समारंभ असा नाहीच. मंगळवारी मला एक मेल आलं, "प्रिय सहकारी, तुमच्या (वर्षांची संख्या) वर्षांबद्दल अभिनंदन," कंसासकट. यापुढे असे सगळे प्रसंग तीन महिन्यांतून एकदा एकत्र साजरे होतील, माझा येतो आग विझवण्याच्या प्रात्यक्षिकाबरोबर, डिसेंबरात. या शुक्रवारी काहीही नाही. तू पाच तास गाडीत बसून येशील आणि तुला दिसतील साठ टेबलं आणि पाच बोधवाक्यं. तुझी ती कंपनी तुझ्या खणात रिबीन बांधून ठेवलेली आहे, ती तशीच राहू दे. कोट कपाटात ठेव, गुडघ्याला ऊब दे. मला अजिबात वाईट वाटणार नाही. मी शुक्रवारी नेहमीसारखी कामाला जाईन आणि संध्याकाळी तुला फोन करीन.

शेजारच्या एल्नाकाकूंना माझा नमस्कार सांग आणि वाऱ्यात बाहेर पडू नकोस.

तुझी,
डॉर्थे

ता. क. पाठवलेले मोजे बसले. डावा थोडा मोठा आहे, पण पायही तसाच आहे.

ता. क. २. तिकीट आधीच काढलं असशील तर ते वाया घालवणंही बरं नाही. तुझी गाडी एक वाजून चाळीस मिनिटांनी पोचते (सहज बघून ठेवलंय).

ता. क. ३. ती चिठ्ठी माझी होती. हे तुला कळलंच असेल, प्रीबेनलाही कळलं. मी स्वतः तीनदा लिहायला बसले, मावशी. इतरांच्या सायकली, होड्या, पडलेले केक सगळं मला सुचतं. स्वतःचं नाव घातलं की पुढे काही सुचत नाही, पंचवीस वर्षांत मी काय केलं तर इतरांची गाणी लिहिली, याचं एकच कडवं होतं. तू लिहिशील का? आठ नकोत, चार चालतील. चाल सोपी घे. मी अकरा वर्षांची असताना तुझ्या शेजारी उभी होते तिथून सुरू केलंस तरी चालेल. मी सांगितलं असं कोणाला सांगू नकोस. शुक्रवारी दुपारी प्रती काढायला मी प्रीबेनकडे मशीन मागितलं होतं. किती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मावशी आली तर दोन. तो म्हणाला, "मला आवाज नाही, पण कागद हातात दिलास तर म्हणावंच लागेल. तीन काढ."

तिघंच असू. पण एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत म्हणायचं. दोन वाजायला वीस मिनिटं असताना मी फलाटावर असेन. निळाच कोट घालून ये.