राणीची सुटका

३ जून
मुलगी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला गेली. तिच्या पाळीव मुंग्या आता माझ्याकडे. जाताना चारचारदा बजावलं: खायला थोडंच घाला, उरलेलं लगेच काढा आणि राणीला जपा. अंडी तीच घालते. राणी गेली की सगळी वसाहत गेली. चार वर्षं जिवापाड वाढवलीय. मी म्हटलं, अगं, अख्खं डिपार्टमेंट सांभाळतो मी. बायको उगाच हसली.

९ जून
मुंग्या हाडकुळ्या वाटतात. मधाचं पाणी दिलं, अर्धं झुरळही. उरलेलं काढत नाही. मध्येच भूक लागली तर?

१८ जून, सकाळ
आनंदाची बातमी. मुंग्यांच्या काचेच्या नळीत बारीक पांढरे ठिपके. चालतात! पिल्लं झाली. मुलीला फोन केला. ती म्हणाली, मुंग्यांची पिल्लं चालत नाहीत, फोटो पाठवा.

१८ जून, दुपार
पिल्लं नव्हेत, माइट्स. मुंग्यांच्या अंगावर चढणारे किडे. कुजक्या खाण्यावर वाढतात म्हणे. खाणं काढा, नळी कोरडी ठेवा, बाकी काहीही करू नका, असं ती म्हणाली. शेवटचं वाक्य लागलं मला.

२० जून
मीटिंगमध्ये सारखं अंग खाजत होतं. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलंय, लिंबाची फोड ठेवा. ठेवली.

२२ जून
मुंग्या कोपऱ्यात दडून. माइट्स लिंबावर फिरायला गेल्यासारखे.

२७ जून
बायकोचा आयलायनरचा ब्रश घेतला. एकीच्या पाठीवरचा माइट अलगद काढला. सोबत मुंगीचा पायही आला. उद्यापासून हलक्या हाताने. बायको ब्रश शोधतेय. मी पेपर वाचतोय.

४ जुलै
राणी नेमकी कोणती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. आता महिन्याने विचारणं बरं दिसत नाही. पण आज ओळखली. सगळ्यांत मोठं डोकं, बाकीच्या बाजूला होऊन वाट देतात. घरातला कर्ता माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. तिला वेगळ्या नळीत हलवली, संसर्ग नको म्हणून. उत्तम मध दिला. चांगलीच खाते.

११ जुलै
स्थलांतर! नवी नळी काळोखात, जुनीवर दिवा. मुंग्या आपणहून घर बदलतात, आठवडाभर थांबावं लागतं असं वाचलं. दोन चहा होईपर्यंत थांबलो. मग जुनी नळी आपटली. बहुतेक बाहेर पडल्या. आत ओलाव्यासाठी ठेवलेल्या कापसाला चिकटून मूठभर राहिल्या, माइट्सनी भरलेल्या. त्यांच्यात एक गलेलठ्ठ, जागची हलेना. बाकीच्या तिला धरून बसलेल्या. रोग फार पुढे गेलेला दिसला. अशा वेळी भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही. उकळतं पाणी ओतलं.

१२ जुलै
राणीला समारंभपूर्वक नव्या घरात सोडली. मुलीला कळवलं, सगळं कंट्रोलमध्ये. बायकोने विचारलं, ती राणीच आहे ना? नको तिथे शंका काढायची सवयच आहे तिला.

१९ ऑगस्ट
अंडी अजून नाहीत. राणी दगदगीने थकली असणार. मध वाढवला. मुंग्या आधीपेक्षा कमी दिसतात, पण शिस्त वाढलीय. मला मात्र खुर्चीत बसवत नाही. दर थोड्या वेळाने उठून बघतो.

१ सप्टेंबर
मुलगी आली. बॅग दारातच टाकून आधी मुंग्यांकडे. मी शेजारी उभा, शाबासकीच्या तयारीत. भिंगातून बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, ही राणी नाही. मोठ्या डोक्याची कामकरी आहे."

मी म्हटलं, अगं, पण डोकं बघ ना तिचं.

"राणीचं पोट मोठं असतं. जुनी नळी कुठंय?"

स्वच्छ धुऊन ठेवलीय, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या गलेलठ्ठ मुंगीचंही सांगायला लागलो. अर्ध्यावर माझं मलाच कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नळी हातात घेऊन नुसती बसली.

३ सप्टेंबर
मुलगी नोकरीवर रुजू व्हायला गेली. मी विचारलं, मुंग्या नेतेस ना? नको म्हणाली. अंडी आता येणार नाहीत. आहेत त्या काही महिन्यांत एकेक करून संपतील, तोवर खायला घाला. किती घालू, असं मी विचारलं. कितीही घाला, म्हणाली.