नातीच्या गाण्यांना मी लावलेली शिस्त

३ नोव्हेंबर, सकाळ
एक गाणं कुजबुजतं, दुसरं अंगावर धावून येतं. तासभर हे सोसायचं आणि वर तोंड बंद ठेवायचं. का म्हणून?

हे नातीचं मिक्स. म्हणजे एका गाण्याच्या शेपटीला दुसऱ्याचं डोकं बांधायचं, की झाली डीजे. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी असते. गुरुवारपर्यंत नाचाच्या हॉलवाल्याला रेकॉर्डिंग पाठवायचंय. त्याला पसंत पडलं तर दर शनिवारचं काम तिला, आणि चष्म्याचं दुकान सुटलं.

पण सगळ्या गाण्यांचे आवाज एकसारखे, म्हणजे लेव्हल, कोण करणार? मी. या घरात सासू, नणंदा, जावा, सगळ्यांचे आवाज मीच खाली आणलेत. गाण्यांचं काय घेऊन बसलात.

४ नोव्हेंबर
नातीने शिकवलं. स्क्रीनवर आवाजाचे डोंगर दिसतात. गाण्याचा तुकडा धरायचा, वर ओढला की मोठा, खाली ओढला की लहान. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण ओढाताणीत कुणाला हार गेलेली नाही.

तिचं कॉम्प्युटरचं टेबल आहे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनला खेटून. घरात दुसरीकडे जागा नाही.

म्हणाली, हेडफोन घाल. अंबाडा दबतो. शिवाय कानात बोळे घालून कधी कुणाला नीट ऐकू आलंय? मग म्हणाली, निदान स्क्रीनवरचा हा दिवा बघ. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे आवाज फाटला. दिव्याला काय गाणं कळतं!

सरावाला मला फाइलची कॉपी दिली. रिकाम्या पातेल्यात पळी फिरवायला दिल्यासारखं. तरी मन मोठं करून सराव केला. थोडी बिघडली. सेव्ह केली. कॉपीच ती.

५ नोव्हेंबर, दुपार
सून मशीन लावून बाजारात गेली. मी खरी फाइल उघडली. गाणी भलतीच नाठाळ. आत्ता ऐकू येत होती, आता नाही. ओढलं वर. लगेच कोकलायला लागली. दाबलं खाली. शेवटी शेवटी तर पार बुडाली, तेव्हा जोर लावून टोकाला नेली. दिवा लाल झाला. त्याच्यावर मलमपट्टी चिकटवली.

सेव्ह. कान तयार असावा लागतो.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
नात दमून आली. विचारलं, "आजी, खऱ्या फाइलला हात नाही ना लावलास?" म्हटलं, छे. हात माउसला लावला होता.
"मग स्क्रीनला पट्टी कशाला?"
म्हटलं, मेलीला लागलं होतं.
नातीने न ऐकताच फाइल पाठवून दिली. आता हॉलवाला पाय धरत येईल.

७ नोव्हेंबर
आला नाही. फोन केला. नातीला म्हणाला, "पोरी, गाडीत लावलं होतं. मधेच कान लावून बसावं लागतं, मधेच गाडीतून उडी मारावीशी वाटते." त्याला काय कळतंय. खुर्च्या भाड्याने देणारा माणूस.

नात डोंगरांकडे बघत बसली. रडली नाही. रडली असती तर मी ओरडले तरी असते.

सून ओले टॉवेल घेऊन आली, तशीच थबकली. "अगंबाई, हे तर आपलं मशीन! हे भिजवणं, हे घुसळणं, आणि शेवटचा हा कडा म्हणजे पिळणं."

मशीन गरजलं तेव्हा मी गाणी चढवली म्हणे, आणि थांबलं तेव्हा उतरवली. नात म्हणाली, "आजी, तू धुण्याची लेव्हल केलीस." फाटलेला आवाज परत शिवता येत नाही, हेही आत्ताच कळलं. आणि कॉपीचं तर विचारूच नका.

यात माझं काय चुकलं? एवढं बोंबलणारं मशीन घेतलं कोणी? मुलाने. तोच सगळ्यात जास्त हसला. त्याला गार जेवण वाढलं.

८ नोव्हेंबर
नातीने हॉलवाल्याच्या हातापाया पडून एक दिवस मागून घेतला. दुकानात रजा टाकून अख्खं मिक्स पुन्हा वाजवतेय. हेडफोन घालून, दिव्यावर नजर ठेवून. माझी गरज नाही म्हणाली. गोड बोलून म्हणाली, ते जास्त लागलं.

मशीन बंद. धुणं हाताने. ते मी स्वतःहून घेतलंय, कुणी सांगितलं नाही. सुनेने फक्त बादली खोलीच्या दाराबाहेर आणून ठेवली, मला पाट दिला आणि आतून कडी लावली.

संध्याकाळी हॉलवाल्याचा फोन येईल. नातीने उचलायचा नाही. मी तर नाहीच. सुनेने उचलायचा. आणि मागच्या वेळी लेव्हल करणारी बाई कोण होती असं त्याने विचारलंच, तर सुनेनेच सांगायचं, ती आमच्याकडे धुणं करते.